कालव्याचे पाणी आणि हिवताप

(पाण्याशिवाय शेती नाही. कालव्याचे पाणी आले की ओसाड जमीन हिरवीगार होते. पण पाणी कसे वापरावे हे समजले नाही, तर त्या पाण्याबरोबर आजारही गावात येतो. हिवतापाचा मोसम कसा ठरतो आणि तो टाळण्यासाठी काय करता येते, याची माहिती या पाठात दिली आहे.)

विद्यार्थी मित्रांनो, हिवताप हा शब्द तुम्ही ऐकला असेल. 'हिव' म्हणजे थंडी. या आजारात आधी हुडहुडी भरते. दात वाजू लागतात. अंगावर दोन गोधड्या घातल्या तरी थंडी जात नाही. मग अंग तापते, डोके ठणकते. काही तासांनी दरदरून घाम येतो आणि ताप उतरतो. माणसाला वाटते, सुटलो एकदाचा! पण बहुधा एक दिवसाआड पुन्हा तीच थंडी, तोच ताप आणि तोच घाम. यालाच मलेरिया म्हणतात. तुमच्या घरी दादी किंवा नानी त्याला 'जाडे का बुखार' म्हणत असतील.

आंब्याचा मोसम असतो, बोरांचा मोसम असतो, तसा या तापाचाही मोसम असतो. काही महिन्यांत तो घरोघर दिसतो आणि काही महिन्यांत शोधूनही सापडत नाही. असे का होते? आणि ज्या गावात कालव्याचे पाणी येते, तिथे हा मोसम का बदलतो?

हे समजण्यासाठी आधी हा ताप कसा पसरतो ते पाहू. पूर्वी लोकांना वाटे, की दलदलीवरून येणाऱ्या वाईट हवेमुळे हा ताप येतो. 'मलेरिया' या इटालियन शब्दाचा अर्थच मुळी 'वाईट हवा' असा आहे. पुढे १८८० मध्ये लाव्हेरान या फ्रेंच डॉक्टरांना रुग्णाच्या रक्तात हिवतापाचे जंतू दिसले. पण ते जंतू एका माणसातून दुसऱ्या माणसात जातात कसे, हे कोडे उरलेच होते. ते कोडे आपल्या देशात सुटले. सर रोनाल्ड रॉस यांचा जन्म अल्मोड्याचा. ते सैन्यात डॉक्टर होते. १८९७ मध्ये ते सिकंदराबादला संशोधन करत होते. हुसेन खान नावाच्या एका रुग्णाने त्यांना मोठे साहाय्य केले. डॉक्टरांनी पाळलेले डास तो स्वतःला चावू देई. चावणाऱ्या प्रत्येक डासामागे त्याला एक आणा मिळे. ते डास रॉस सूक्ष्मदर्शकाखाली तपासत. २० ऑगस्ट १८९७ या दिवशी त्यांना डासाच्या जठरात हिवतापाचे जंतू वाढताना दिसले. या शोधाबद्दल १९०२ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. २० ऑगस्ट हा दिवस आज 'जागतिक डास दिन' म्हणून पाळला जातो.

सगळेच डास हिवताप पसरवत नाहीत. ॲनॉफिलिस जातीच्या डासाची फक्त मादी हे काम करते. अंडी घालण्यासाठी तिला रक्त लागते. ती संध्याकाळपासून पहाटेपर्यंत चावते. भिंतीवर बसताना ती आपले पोट वर उचलून तिरपी बसते. त्यावरून ती ओळखता येते.

आता थोडा हिशेब करू. वही-पेन्सिल घ्या. मादीने पाण्यात अंडी घातली, की उबदार हवेत साधारण दहा दिवसांत नवा डास तयार होतो. हा डास जन्मतः निरोगी असतो. तो हिवतापाच्या रुग्णाला चावला, तर जंतू त्याच्या पोटात जातात. तिथे ते वाढून त्याच्या लाळेत येईपर्यंत आणखी दहा ते बारा दिवस लागतात. मग तो दुसऱ्या माणसाला चावला, तर त्या माणसाला सुमारे दहा ते चौदा दिवसांनी ताप येतो. बेरीज करा. जुलैच्या सुरुवातीला पाऊस पडला, तर नवे रुग्ण ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात दिसू लागतात. त्यांच्यापासून पुढचे रुग्ण होण्यास साधारण आणखी एक महिना लागतो. एकाचे चार होतात, चाराचे सोळा होतात. म्हणून पाऊस जुलै-ऑगस्टमध्ये पडतो, पण तापाची साथ सप्टेंबर ते नोव्हेंबरमध्ये जोर धरते.

या हिशेबात दोन गोष्टी महत्त्वाच्या आहेत. एक म्हणजे उष्णता. कडक थंडीत डासाच्या पोटात जंतूंची वाढ थांबते. तापमान सोळा अंश सेल्सिअसच्या खाली गेले, की ही वाढ होतच नाही. दुसरी गोष्ट म्हणजे हवेतील ओलावा. मे महिन्याच्या कोरड्या, कडक उन्हात डास फार दिवस जगत नाही. जंतू तयार होण्याआधीच तो मरतो. असा डास चावला तरी ताप येत नाही. म्हणजे हिवतापाला तीन गोष्टी लागतात : साठलेले पाणी, बेताची ऊब आणि दमट हवा. पावसाळ्याच्या शेवटी या तिन्ही गोष्टी एकत्र येतात.

पण पाऊस जवळजवळ पडतच नाही, अशा ठिकाणी कालवा आला तर? याचे एक मोठे उदाहरण राजस्थानात आहे.

राजस्थानच्या पश्चिम भागात थरचे वाळवंट आहे. जैसलमेरकडे वर्षभरात पाऊस इतका थोडा पडतो, की आपल्याकडे कोकणात तेवढा एका दिवसातही पडतो. तिथे लोक पावसाचा प्रत्येक थेंब जपतात. अंगणात जमिनीखाली हौद बांधून त्यात पावसाचे पाणी साठवतात. त्याला 'टांका' म्हणतात. या टांक्यात ॲनॉफिलिस स्टिफेन्सी नावाचा डास वाढत असे. वाळवंटात हिवताप होता, पण तो थोडा आणि बहुधा सौम्य प्रकारचा असे.

१९५८ मध्ये एका प्रचंड कालव्याचे काम सुरू झाले. पंजाबात सतलज आणि बियास या नद्यांचा संगम होतो, तिथून पाणी उचलायचे आणि वाळवंटात न्यायचे, अशी ती योजना होती. आधी त्याला राजस्थान कालवा म्हणत. पुढे त्याला इंदिरा गांधींचे नाव देण्यात आले. कालव्याची एकूण लांबी सुमारे साडेसहाशे किलोमीटर आहे. १९८७ मध्ये त्याचे पाणी जैसलमेर जिल्ह्यातील मोहनगडपर्यंत पोहोचले. जिथे वाळूच्या टेकड्या होत्या, तिथे गहू, मोहरी, कापूस आणि भुईमूग डोलू लागले. पाण्यासाठी मैलोन् मैल चालणाऱ्या बायांच्या डोक्यावरचे हंडे उतरले. दुसऱ्या भागांतून शेतकरी आणि मजूर तिथे राहायला आले. कालव्याने लाखो लोकांना भाकरी दिली, हे विसरून चालणार नाही.

पण पाण्याबरोबर काही अडचणीही आल्या. त्या भागात बऱ्याच ठिकाणी जमिनीखाली जिप्समचा कठीण थर आहे. त्यामुळे शेताला दिलेले जास्तीचे पाणी खोल मुरत नाही. ते वर साचते आणि जमीन पाणथळ होते. तिथले लोक याला 'सेम' म्हणतात. आपल्याकडे शेतकरी अशा जमिनीला 'चिबड जमीन' म्हणतात. कालव्याच्या कडेने पाणी पाझरून डबकी झाली. कालवा बांधताना माती काढलेले खड्डे तसेच राहिले. त्यांतही पाणी भरले. अशा स्वच्छ, उन्हातल्या पाण्यात ॲनॉफिलिस क्युलिसिफेसीस या दुसऱ्या जातीच्या डासाला चांगली जागा मिळाली. खेड्यापाड्यांत हिवताप पसरवणारा आपल्या देशातला मुख्य डास तो हाच. टांक्यातला डास होताच, आता शेतातला डासही आला. बाहेरून येणाऱ्या काही लोकांच्या रक्तात हिवतापाचे जंतूही आले.

त्यामुळे तापाचे वेळापत्रकच बदलले. वाळवंटात हिवाळा कडक असतो, म्हणून डिसेंबर-जानेवारीत ताप कमी होतो. पण पूर्वी मोसम संपला, की डबकीही आटत. आता कालव्याचे पाणी असल्यामुळे काही डबकी वर्षभर भरलेली राहतात. मार्च-एप्रिलमध्ये हवा उबदार झाली, की तापाची एक लहान लाट येते. मे-जूनच्या उन्हात ती ओसरते, पण ओलिताच्या शेतात आणि गुरांच्या गोठ्यात गारवा व ओलावा असतो. तिथे काही डास तग धरतात. मग पाऊस पडला, की हेच डास पुढच्या मोठ्या साथीचे बियाणे ठरतात. सप्टेंबर ते नोव्हेंबरमध्ये दुसरी आणि मोठी लाट येते.

१९९४ मध्ये हे फार भयंकर रीतीने दिसून आले. त्या वर्षी थरमध्ये पाऊस नेहमीपेक्षा खूपच जास्त झाला. पावसाळा संपता संपता बिकानेर, जैसलमेर, बाडमेर या जिल्ह्यांत हिवतापाची मोठी साथ आली. तिच्यात फाल्सिपेरम प्रकारच्या जंतूचे रुग्ण फार होते. हा जंतू मेंदूपर्यंत पोहोचला, तर रुग्ण बेशुद्ध होतो आणि उपचार लवकर न मिळाल्यास दगावतो. अनेक घरांत एकाच वेळी सगळी माणसे अंथरुणाला खिळली. अनेकांचे प्राण गेले. तज्ज्ञांच्या मते केवळ पाऊस हे या साथीचे कारण नव्हते. जंतू आणि डास यांची वाळवंटात आधीच वाढ झाली होती. पावसाने त्या आगीत तेल ओतले.

आता वेळेचा विचार करा. सप्टेंबर ते नोव्हेंबर म्हणजे शेतकऱ्याच्या दृष्टीने कोणते दिवस? बाजरी कापायची, भुईमूग काढायचा, कापूस वेचायचा आणि रब्बीची पेरणी करायची, असे हे दिवस असतात. वर्षभराची कमाई याच दिवसांत घरात येते. नेमका याच वेळी हिवताप येतो. घरातला कर्ता माणूस आठ-दहा दिवस उठू शकला नाही, तर उभे पीक शेतात राहते. औषधासाठी कर्ज काढावे लागते. मुलाची शाळा सुटते, कारण कापूस वेचायला हात कमी पडतात. म्हणजे ज्या पाण्याने घरात बरकत आणली, त्याच पाण्यातला डास ती बरकत घेऊन जातो.

आपल्या महाराष्ट्राचे काय? आपल्याकडे नीरा, मुळा, गोदावरी अशा नद्यांवर धरणे आणि कालवे आहेत. पैठणला जायकवाडीचे मोठे धरण आहे. कालव्यातून आवर्तनाने पाणी सोडतात. आवर्तन बंद झाले, की चारीच्या तळाला पाणी साचून राहते. दहा-बारा दिवस ते तसेच राहिले, की त्यात डास तयार होतात. ऊसतोडीचा हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये सुरू होतो. मजूर कुटुंबे शेताच्या कडेला कोपी घालून राहतात. कोपीला दार नसते, मच्छरदाणीही नसते. अशा कुटुंबांना जपणे हे आपले काम आहे. शहरातील मुलांनीही 'हा शेतकऱ्यांचा आजार आहे' असे म्हणू नये. थरच्या टांक्यात वाढणारा स्टिफेन्सी डास मुंबईतील इमारतींच्या पाण्याच्या टाक्यांमध्येही वाढतो. टाकीचे झाकण उघडे राहिले, की त्याचे काम झाले.

मग यावर उपाय काय? कालवा बंद करावा का? मुळीच नाही. वाहते पाणी डासाला आवडत नाही. त्याला साचलेले पाणी हवे असते. म्हणून दोष पाण्याचा नाही, पाणी साचू देणाऱ्यांचा आहे. कालव्याला अस्तर लावले, की पाझर कमी होतो. शेतातले जास्तीचे पाणी वाहून जाण्यासाठी चर खणले, की जमीन चिबड होत नाही. चारीतले गवत काढले, की पाणी अडत नाही. भातशेतीसाठीही एक युक्ती आहे. भाताची लावणी नुकतीच झालेली असते, तेव्हा खाचरातल्या पाण्यावर ऊन पडते आणि क्युलिसिफेसीस डास तिथे भरपूर अंडी घालतो. रोपे वाढून सावली पडली, की तो तिथे फारसा फिरकत नाही. म्हणून सुरुवातीचे दिवस धोक्याचे. १९४० च्या सुमारास तमिळनाडूमध्ये काही शास्त्रज्ञांनी भाताच्या खाचरात सतत पाणी न ठेवता मधूनमधून ते सुकू देण्याचा प्रयोग केला. पाण्यातल्या अळ्या मोठ्या होण्याआधीच पाणी आटले, त्यामुळे डास कमी झाले. जगात आजही या पद्धतीचा अभ्यास होतो.

गुजरातमधील खेडा जिल्हा हा कालव्यांचा आणि भातशेतीचा भाग. तिथे १९८३ पासून शास्त्रज्ञांनी गावकऱ्यांना बरोबर घेऊन काम केले. खड्डे बुजवले, सांडपाण्याची सोय केली आणि डबक्यांत, हौदांत गप्पी मासे सोडले. हा मासा बोटाच्या पेराएवढा असतो, पण डासांच्या अळ्या आवडीने खातो. फवारणीवर सगळा भार न टाकताही हिवताप कमी करता येतो, हे त्या गावांनी दाखवले.

फवारणीचा अनुभवही लक्षात ठेवण्यासारखा आहे. स्वातंत्र्याच्या सुमारास आपल्या देशात दरवर्षी सुमारे साडेसात कोटी लोकांना हिवताप होत असे आणि आठ लाख माणसे मरत असत. १९५३ मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. घरोघर डीडीटीची फवारणी झाली. १९६५ पर्यंत रुग्णांची संख्या सुमारे एक लाखावर आली. लोकांना वाटले, हिवताप गेला. काम ढिले पडले. डासही डीडीटीला सरावले. १९७६ मध्ये रुग्णांची संख्या पुन्हा चौसष्ट लाखांवर गेली. अलीकडच्या वर्षांत ती पुन्हा पुष्कळ खाली आली आहे आणि २०३० पर्यंत देशातून हिवताप हटवण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे. पण शत्रू हरला असे समजून पहारेकरी झोपला, की काय होते, हे १९७६ ने शिकवले आहे.

मित्रांनो, तुम्ही काय करू शकता? मोसम येण्याआधी जागे व्हा. साथ सप्टेंबरमध्ये दिसते, पण तिची तयारी जून-जुलैमध्येच करावी लागते. आठवड्यातून एक 'कोरडा दिवस' पाळा. त्या दिवशी माठ, हौद, पिंप रिकामे करून घासून, वाळवून मगच पुन्हा भरा. अंड्यापासून डास व्हायला आठवड्यापेक्षा जास्त दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एक दिवस पुरतो. अम्मी-अब्बा शेतातून दमून आले असतील, तर हे काम तुम्ही करा. रात्री मच्छरदाणीत झोपा. थंडी वाजून ताप आला, तर त्याच दिवशी आशाताईंकडे किंवा सरकारी दवाखान्यात जाऊन रक्त तपासून घ्या. ही तपासणी मोफत असते. बोटातून रक्ताचा एक थेंब दिला, की पंधरा-वीस मिनिटांत कळू शकते.

आणि एक गोष्ट कधीही विसरू नका. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या पूर्ण दिवस घ्या. व्हायवॅक्स प्रकारच्या हिवतापाचे जंतू यकृतात लपून बसतात. ताप उतरला, की आपण गोळ्या बंद करतो आणि काही महिन्यांनी ते जंतू पुन्हा बाहेर येतात. मार्च-एप्रिलच्या लहान लाटेतले काही रुग्ण असेच जुने असतात. त्यांना चावलेला डास नवे रुग्ण तयार करतो. म्हणजे अर्ध्यावर सोडलेल्या गोळ्या फक्त एका माणसाला नव्हे, तर सगळ्या गावाला महाग पडतात.

शेतकरी आकाशाकडे पाहून पेरणीचा दिवस ठरवतो. तसेच साचलेल्या पाण्याकडे पाहून तापाचा महिना ओळखायला आपण शिकले पाहिजे. पाणी ही मोठी देणगी आहे. ते वाहते ठेवले तर पीक आपले, आणि साचू दिले तर ताप आपला.

शब्दार्थ
हुडहुडी – थंडीने अंग कापणे
जंतू – डोळ्यांना न दिसणारा सूक्ष्म जीव
कालवा – शेतीसाठी खणलेला पाण्याचा मोठा मार्ग, नहर
चारी – कालव्यातून शेताकडे जाणारी लहान वाट
आवर्तन – कालव्यातून ठरावीक वेळी पाणी सोडण्याची पाळी
खाचर – बांध घातलेले भाताचे शेत
कोपी – पाचट-बांबूची तात्पुरती झोपडी
अस्तर – आतून लावलेला थर

वाक्प्रचार
तग धरणे – टिकून राहणे
आगीत तेल ओतणे – संकट आणखी वाढवणे
अंथरुणाला खिळणे – आजारामुळे उठता न येणे

स्वाध्याय
प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) 'मलेरिया' या शब्दाचा मूळ अर्थ काय?
(आ) हुसेन खानने रोनाल्ड रॉस यांना कोणते साहाय्य केले?
(इ) 'सेम' कशाला म्हणतात?

प्र. २. कारणे लिहा.
(अ) पाऊस जुलैमध्ये सुरू होतो, पण तापाची साथ सप्टेंबरनंतर जोर धरते.
(आ) मे महिन्यात हिवताप कमी असतो.
(इ) गोळ्या पूर्ण दिवस घेतल्या पाहिजेत.

प्र. ३. कालवा आल्यावर थरमधील लोकांचे कोणते फायदे झाले व कोणत्या अडचणी आल्या, ते आठ-दहा वाक्यांत लिहा.

प्र. ४. पाठातील वाक्प्रचारांचा आपल्या वाक्यांत उपयोग करा.

उपक्रम : तुमच्या मोहल्ल्यात किंवा गावात पाणी साचणाऱ्या जागांची यादी करा. ती वर्गात वाचून दाखवा आणि प्रत्येक जागेसाठी एक उपाय सुचवा.